गोव्यात बांधकाम प्रकल्पासाठी वाहतूक अहवाल : कोणाला लागतो, कागद कोणते आणि घोडे कुठे अडते

प्रकल्पामुळे आसपासच्या रस्त्यावर गाड्यांचा भार किती वाढेल हे सांगणारा वाहतूक अहवाल चार-सहा सदनिकांच्या इमारतीकडे सहसा कोणी मागत नाही. नगर नियोजन खाते तांत्रिक मंजुरी देताना येण्याचा रस्ता किती रुंद आहे आणि आवारात गाड्या कुठे लागणार एवढे पाहते, मग पंचायत किंवा पालिका परवाना देते. एकूण बांधीव क्षेत्र २०,००० चौरस मीटर झाले की मात्र १४ सप्टेंबर २००६ ची केंद्राची पर्यावरण अधिसूचना लागू होते, म्हणजे आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. या हिशेबात तळघर आणि इतर सेवाक्षेत्रेही धरतात. एफएआरमध्ये (भूखंडाच्या तुलनेत किती बांधता येते त्या गुणोत्तरात) न येणारे तळघर इथेही वगळून २० हजारांच्या आत असल्याचे मानणारे प्रवर्तक पुढे अडचणीत येतात.

या मंजुरीचा अर्ज केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवरून राज्य पर्यावरण प्रभाव मूल्यांकन प्राधिकरणाकडे जातो. अधिसूचनेतल्या प्रपत्र १-अ मधला ५.३ हा मुद्दा थेट वाहतुकीचा आहे आणि वाहतूक अहवाल त्याच्या उत्तरासाठीच लागतो : पार्किंग अपुरे पडेल का, सध्याची वाहतूक व्यवस्था कशी आहे, प्रवेश आणि निर्गमाच्या ठिकाणी काय उपाय करणार. ‘पुरेसे पार्किंग दिले आहे’ एवढे एक वाक्य लिहून हे उत्तर उरकले, की अर्ज तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीच्या बैठकीत पहिली शंका इथेच निघते.

भूखंड राष्ट्रीय महामार्ग ६६, ७४८ किंवा ५६६ ला लागून असेल तर महामार्गावर फाटक काढायला २००२ च्या महामार्ग नियंत्रण कायद्याखाली वेगळी परवानगी घ्यावी लागते. पंचायतीचा परवाना तिची जागा घेत नाही. वास्तुविशारदाने आराखडा पक्का करण्याआधीच फाटकाची जागा ठरवून घ्यावी. वळणावर किंवा चौकाला चिकटून दाखवलेले फाटक हलवायचे म्हटले की आतला रस्ता, तळघराचा उतार, अग्निशमन बंबाचे वळण, सगळेच नव्याने काढावे लागते.

जमिनीच्या कागदांत एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा; शहरी सर्व्हेत फॉर्म डी), १:१००० सर्व्हे नकाशा, जमीन कोणत्या वापराच्या विभागात येते त्याचा विभाग दाखला, जमीन बिगरशेती केल्याची सनद आणि फाटक दाखवणारा स्थळ आराखडा लागतो. मोठा रस्ता आणि भूखंड यांच्यामध्ये दुसऱ्याची जमीन असेल तर वाटेच्या हक्काचा दस्तऐवजही हवा. ‘लोक वर्षानुवर्षे इथूनच जातात’ एवढ्यावर भागत नाही. रस्त्याची रुंदी देताना डांबराची रुंदी आणि दोन्ही बाजूंच्या चिऱ्यांच्या कुंपणांमधले अंतर वेगवेगळे लिहा. नकाशावर आठ मीटर आणि जागेवर डांबर चार मीटर हे बार्देश-सासष्टीत नित्याचेच.

गाड्यांची मोजणी पंधरा-पंधरा मिनिटांच्या टप्प्यांत, वाहनप्रकारानुसार करावी. एक कामाचा दिवस आणि एक रविवार घ्यावा. भर पावसात किंवा चतुर्थीच्या सुट्टीत केलेली मोजणी किनारी भागात निरुपयोगी ठरते, कारण कळंगुटची खरी गर्दी हिवाळी हंगामात असते. उलट म्हापशात शुक्रवारी बाजार असतो, त्यामुळे शुक्रवार एकटा घेऊ नये. मोजणीचे मूळ तक्ते अहवालाला जोडावेत, नुसती बेरीज नको.

आता आकडेमोड. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०६-१९९० या शहरी रस्त्यांच्या संहितेत वाहने कारच्या एककात, म्हणजे पीसीयूत, मोजतात. समजा, दुपदरी रस्त्यावर गर्दीच्या तासाला ४०० दुचाकी, २५० कार, २० हलकी मालवाहू वाहने आणि १२ बस आहेत. दुचाकींचा वाटा दहा टक्क्यांहून जास्त, म्हणून गुणक ०.७५ : ३०० पीसीयू. कार २५०, हलकी मालवाहू वाहने १.४ ने २८, बस २.२ ने सुमारे २६. एकूण ६०४. वर्षाला पाच टक्के वाढ धरली तर पाच वर्षांनी ७७१. प्रकल्पाच्या ८० गाड्या, निम्म्या दुचाकी आणि निम्म्या कार, म्हणजे ७० पीसीयू. एकूण ८४१.

हे ८४१ कशाशी ताडायचे, तिथेच खरी मेख आहे. घरादुकानांची दारे थेट रस्त्यावर उघडतात आणि कडेला गाड्या उभ्या असतात, अशा दुपदरी रस्त्याला संहिता तासाला ९०० पीसीयू देते. १,५०० हा आकडा मुख्य रस्त्याचा, जिथे कडेला दारे नाहीत आणि थांबलेली वाहनेही नाहीत. गावातल्या रस्त्याला १,५०० लावून ‘५६ टक्केच भार’ म्हणणारे अहवाल सर्रास येतात. खरा भार ९३ टक्के असतो. दुचाकीला ०.५ लावणे ही दुसरी पळवाट : त्याने आजच्याच मोजणीतून १०० पीसीयू गायब होतात.

प्रकल्पातून किती गाड्या निघतील हे पुस्तकातून उचलू नये. जवळच्या, तशाच आकाराच्या आणि वस्ती झालेल्या वसाहतीच्या फाटकावर सकाळ-संध्याकाळ मोजावे. सुट्टीसाठी घेतलेल्या सदनिका जास्त असतील तर सकाळचा आकडा फसवा कमी येतो, म्हणून शनिवारची संध्याकाळही घ्यावी.

उपाय लिहिताना स्वतःच्या हद्दीत जमेल तेच लिहावे : फाटक आत सरकवून दोन-तीन गाड्या रस्त्याबाहेर थांबतील अशी जागा, पाहुण्यांचे पार्किंग फाटकाच्या आत, कुंपणाबाहेर पदपथ, बांधकामाच्या ट्रकांना शाळेच्या वेळा सोडून ये-जा. ‘सार्वजनिक बांधकाम खाते रस्ता रुंद करील’ हा उपाय नव्हे, खात्याचे पत्र जोडले असेल तरच तो धरावा. शेवटी अहवाल, स्थळ आराखडा आणि अर्ज यांतला सदनिकांचा व पार्किंगचा आकडा एकच आहे ना, ते जुळवून पाहा. आराखड्यात ऐनवेळी एक मजला वाढतो, अहवालात मात्र जुनाच आकडा राहतो, आणि फाइल परत येते.