पीवायपी : जिज्ञासेवर उभा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम

पीवायपी, म्हणजे प्रायमरी इयर्स प्रोग्रॅम, हा इंटरनॅशनल बॅकलॉरिएट (आयबी) या संस्थेचा ३ ते १२ वर्षे वयाच्या मुलांसाठीचा शालेय अभ्यासक्रम. तो १९९७ पासून राबवला जातो. मुलांच्या प्रश्नांना धरून पाठ उभारणे आणि मुलाची नजर आपल्या परिसरापासून जगापर्यंत पोहोचवणे, ही त्याची दोन मुख्य अंगे आहेत. बोलताना या दोन्हींचा उल्लेख बहुधा वेगवेगळा होतो, पण पहिल्यावाचून दुसरे साधत नाही. झेंडे, पोशाख आणि खाद्यपदार्थ मांडून साजरा केलेला ‘आंतरराष्ट्रीय दिवस’ मुलाला जगाची तोंडओळख करून देईल. दुसऱ्या माणसाला आपल्यापेक्षा वेगळे का वाटते, हे शोधण्याची सवय मात्र रोजच्या वर्गातच लागते.

या विचाराचे एक मूळ जिनिव्हात आहे. पहिल्या महायुद्धानंतर तेथे राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय मजूर कार्यालय आले आणि त्यांच्यासोबत अनेक देशांतील कर्मचाऱ्यांची मुले आली. त्यांच्यासाठी १९२४ मध्ये जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय शाळा निघाली. अडोल्फ फेरिएर हे नवशिक्षण चळवळीतले शिक्षणतज्ज्ञ तिच्या संस्थापकांपैकी एक होते. मूल स्वतः ज्ञान रचते, हे बारीक निरीक्षणांतून दाखवणारे मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांचे कामही याच शहरात बहरले. त्याआधी १८९६ मध्ये अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी शिकागोत एक प्रायोगिक शाळा (लॅबोरेटरी स्कूल) काढली होती आणि तेथे स्वयंपाक, विणकाम, सुतारकाम यांतून मुले गणित आणि विज्ञानापर्यंत जात. आयबी संस्था १९६८ मध्ये जिनिव्हात स्थापन झाली, ती विद्यापीठपूर्व डिप्लोमासाठी. मधल्या वर्षांचा कार्यक्रम १९९४ मध्ये आला आणि प्राथमिक वर्षांचा त्यानंतर तीन वर्षांनी. म्हणजे इमारत वरच्या मजल्यापासून खाली बांधत आणली गेली. आपल्याकडे मात्र पालकांची पहिली गाठ पीवायपीशीच पडते.

या अभ्यासक्रमात भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे हे विषय आहेतच, पण वर्षाची आखणी सहा व्यापक सूत्रांवर होते : आपण कोण आहोत; स्थळकाळात आपण कुठे आहोत; आपण स्वतःला कसे व्यक्त करतो; जग कसे चालते; आपण आपली व्यवस्था कशी लावतो; आणि पृथ्वी वाटून घेणे. एकेका सूत्राखाली काही आठवडे चालणारा घटक असतो. घटकाला एक मध्यवर्ती कल्पना असते आणि तिच्याकडे रूप, कार्य, कारण, बदल, संबंध, दृष्टिकोन, जबाबदारी अशा संकल्पनांतून पाहिले जाते.

मुंबईतल्या एखाद्या चौथीच्या वर्गात ‘पृथ्वी वाटून घेणे’ या सूत्राखाली पाण्याचा घटक घ्यायचा ठरला, तर सुरुवात सोपी आहे. नळाचे पाणी येते कुठून? कुणी म्हणेल टाकीतून, कुणी म्हणेल समुद्रातून. शिक्षिका लगेच उत्तर देत नाहीत, सगळी उत्तरे भिंतीवर लावतात. मग नकाशा उघडतो. शहराच्या हद्दीतले तलाव फक्त विहार आणि तुळशी. तानसा, भातसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा हे सारे दूर, ठाणे, पालघर, नाशिक या जिल्ह्यांच्या भागांत. पाणी किती लांबून येते हे मोजताना गणित येते, ते स्वच्छ कसे होते हे पाहताना विज्ञान. आणि मग एखाद्या मुलाला बातमीत दिसते, की तानसा आणि भातसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्याच गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. हा प्रश्न पाठ्यपुस्तकाच्या स्वाध्यायात बसत नाही. धरण कुणाच्या जमिनीवर आहे, पाणी कुणाला मिळते, हे कोण ठरवते? २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउन शहरावर नळ बंद पडण्याची वेळ आली होती, त्याची माहिती मुलांसमोर आली की तुलना सुरू होते. आंतरराष्ट्रीय दृष्टी इथे जन्मते. शहापूरपासून केपटाउनपर्यंतचा रस्ता मुलाने स्वतः चालून पाहिलेला असतो.

या पद्धतीचा सर्वांत मोठा फायदा मला हाच वाटतो, की मुलाच्या प्रश्नाला वर्गात मान मिळतो. त्यातून वाचन, नोंदी, मुलाखत, मोजमाप, मांडणी ही कौशल्ये गरजेपोटी शिकली जातात. विषयांच्या भिंती पातळ होतात. आयबीच्या ध्येयवाक्यात एक विचार आहे : आपल्यापेक्षा वेगळी असलेली माणसेही बरोबर असू शकतात. दहा वर्षांच्या मुलाला हे भाषणातून पटत नाही. गटात काम करताना दुसऱ्याचा पुरावा आपल्यापेक्षा भक्कम निघाला की पटते. शेवटच्या वर्षी लेखी परीक्षेऐवजी ‘प्रदर्शन’ असते : मुले स्वतः निवडलेल्या प्रश्नाचा अनेक आठवडे माग काढतात आणि पालक-शिक्षकांपुढे आपले काम मांडतात.

मात्र मुलांना मोकळे सोडले की ती आपोआप शिकतात, असा अर्थ काढणे चूक आहे. कमीत कमी मार्गदर्शनाची पद्धत नवशिक्यांना जड जाते, अशी टीका किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या संशोधकांनी २००६ मध्ये केली. ती दुर्लक्ष करण्याजोगी नाही. तिला उत्तर आहे ते मार्गदर्शित शोधाचे. कोणता प्रश्न पुढे न्यायचा, कुठे थांबून पाढे किंवा जोडाक्षरे नीट शिकवायची, हे शिक्षकानेच ठरवायचे असते. म्हणूनच पीवायपीत शिक्षकांचे एकत्र नियोजन अनिवार्य मानले जाते. त्यासाठी वेळ काढला नाही, तर भिंतीवर रंगीत तक्ते उरतात आणि आत जुनीच घोकंपट्टी चालू राहते.

महाराष्ट्राला यातला जिज्ञासेचा भाग नवा नाही. ताराबाई मोडक यांनी माँटेसोरीची तत्त्वे बोर्डी आणि कोसबाडला स्थानिक, स्वस्त साधनांत उतरवली आणि गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी शाळा कुरणातच नेली. हे काम अनुताई वाघ यांनी पुढे चालवले. लीलाताई पाटील यांचे कोल्हापूरचे सृजन आनंद विद्यालय १९८५ पासूनचे. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे देखरेखीसाठी केलेला शाळांचा गट) जिल्हा परिषद शाळांनी खडे, बिया, बाटल्यांची झाकणे घेऊन जे केले, त्यामुळे ‘ज्ञानरचनावाद’ हा शब्द राज्यभर शिक्षकांच्या तोंडी बसला. प्राथमिक वर्गांतला परिसर अभ्यास हा विषयही त्याच दिशेचा.

आयबी शाळांची भरमसाट फी ही खरी अडचण आहे. या शिक्षणाचा लाभ बहुतांशी सधन घरांपुरता राहिला आहे आणि ही त्याच्याच उद्दिष्टाशी विसंगत गोष्ट आहे. त्यामुळे मुंबई महापालिकेने विलेपार्ल्यात आयबीची शाळा सुरू केली, याचे महत्त्व मोठे आहे.

दुसरा प्रश्न भाषेचा. पीवायपीत वयाच्या सातव्या वर्षापासून एकाहून अधिक भाषा शिकायची संधी द्यावी लागते आणि घरच्या भाषेला आधार देणेही शाळेकडून अपेक्षित असते. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी अनिवार्य केली आहे. पण आठवड्याच्या काही तासिकांपुरती मराठी आणि शोध मात्र सगळा इंग्रजीत, अशी विभागणी झाली तर मराठी घरातल्या मुलाचा फायदा अर्धाच होतो. पाण्याच्या घटकात शहापूरच्या आजींची मुलाखत मराठीत घ्यायची असते, त्यांचे ‘हंडा’, ‘पाणवठा’, ‘झरा’ हे शब्द तसेच वहीत उतरवायचे असतात.