पाण्याखालच्या जुन्या जागेचं मॅपिंग करायचंय? बरोड्यात बसून अर्ज कसा तयार करायचा, कोण करू शकतं, कागद कुठले

हाच प्रश्न तिसऱ्या माणसाने विचारला म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो. स्कूबा येतं, पाण्यातला कॅमेरा आहे, फोटोंवरून थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर आहे, आता द्वारकेला नाहीतर बेट द्वारकेला जाऊन समुद्रतळावर जे घडीव दगड आणि जहाजांचे नांगर पडलेत त्यांचा नकाशा करू म्हणतो, तर परवानगी लागते का? लागते. आणि ती तुम्हाला एकट्याला मिळेल अशी आशा ठेवू नका, ती संस्थेच्या नावावर मिळते. हे आधीच सांगितलं म्हणजे ज्यांना फक्त व्हिडिओ करायचाय ते इथूनच सेव उसळ खायला जाऊ शकतात.

मी आर्किऑलॉजीवाला नाही, माझं काम सर्व्हे आणि जीआयएसचं, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकाशांचं. भाची आर्किऑलॉजी शिकते, तिच्या टीमच्या अर्जातला "मोजणी आणि नकाशे" हा भाग "मामा, तुम्हीच बघा ना" करत माझ्या टेबलावर आला आणि तिथून मी यात अडकलो. बाकी द्वारका आपल्याला परकी नाहीच, ओखामंडळ हा बरोडा राज्याचाच मुलूख होता, आमच्या पणजोबांची तिकडे बदली झाली तेव्हाची रडारड घरात अजून सांगतात.

कायदा थोडक्यात. मुख्य कायदा १९५८ चा, प्राचीन स्मारकं आणि पुरातत्त्व स्थळांचा, आणि त्याखालचे १९५९ चे नियम. राज्य सरकारच्या खात्यालासुद्धा या कायद्याखाली उत्खनन करायचं तर केंद्राची आधी मंजुरी लागते, मग आपण कोण. अर्ज जातो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या म्हणजे एएसआयच्या डायरेक्टर जनरलकडे, आणि प्रस्ताव पुढे पुरातत्त्वाच्या सेंट्रल ॲडव्हायझरी बोर्डाच्या (केंद्राचं सल्लागार मंडळ) स्टँडिंग कमिटीसमोर ठेवतात. संरक्षित क्षेत्रात उत्खननाच्या लायसन्सचा अर्ज नियमांप्रमाणे फॉर्म चारमध्ये असतो, काम सुरू करायच्या तारखेच्या किमान ३ महिने आधी द्यायचा, डिपॉझिट मागू शकतात ते १०,००० रुपयांपर्यंत, आणि लायसन्स मिळाल्यावरही काम सुरू करण्याआधी डायरेक्टर जनरल, कलेक्टर आणि जागेचा मालक यांना किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. पाण्याखालच्या कामासाठी एएसआयची वेगळी शाखा आहे, २००१ मध्ये सुरू झालेली. २०२५ च्या फेब्रुवारीत द्वारकेच्या गोमती खाडीजवळ पाण्यात उतरले ते त्यांचेच लोक.

"आम्ही खोदणार नाही, नुसतं मोजणार" हा बचाव सगळे करतात. अहो, नुसतं शोधकार्य असलं तरी प्रस्ताव करावाच लागतो. मात्र न खोदणाऱ्या, काहीही न हलवणाऱ्या प्रस्तावाकडे बघायची नजर वेगळी असते हे खरं आहे. युनेस्कोचा पाण्याखालच्या वारशाचा २००१ चा करारही हेच धरून चालतो की वस्तू आहे तिथेच राहू देणं हा पहिला पर्याय. म्हणून पहिल्या वर्षी फक्त नोंदणी आणि नकाशा मागा, वर काही आणायचं नाही असं स्पष्ट लिहा.

पात्रता म्हणाल तर अर्ज करणारी संस्था हवी, विद्यापीठाचा विभाग, राज्याचं पुरातत्त्व खातं, मान्य संशोधन संस्था. आपल्या गावात एमएसयूचा (महाराजा सयाजीराव विद्यापीठ) आर्किऑलॉजी विभाग १९५० पासून आहे, त्यामुळे बरोडेकरांनी उगाच नवीन ट्रस्ट रजिस्टर करत बसू नये, अशा विभागातल्या कुणा अध्यापकाला विषय पटवा आणि त्यांच्या प्रस्तावात घुसा. प्रकल्पाचा डायरेक्टर प्रशिक्षित पुरातत्त्वज्ञच लागतो, नियमात अर्जदाराची पत, डायरेक्टरची पात्रता आणि पुरेसा स्टाफ हे तिन्ही बघतात. सर्व्हेवाले, डायव्हर, फोटोवाले हे सगळे टीममध्ये. डायव्हरचं सर्टिफिकेट साध्या ओपन वॉटरचं असेल तर १८ मीटरपर्यंतच, ॲडव्हान्स्ड असेल तर ३० मीटर, म्हणजे प्रस्तावात खोली २२ मीटर लिहून सोबत ओपन वॉटरची झेरॉक्स लावू नका, असं केलेलं मी पाहिलंय.

कागदांमध्ये संस्थाप्रमुखाच्या सहीचं पत्र, डायरेक्टरचा बायोडेटा आणि आधीच्या कामांचे रिपोर्ट, टीमची यादी, डायव्हिंग सर्टिफिकेटं आणि मेडिकल फिटनेस, जागेचे अक्षांश-रेखांश आणि नकाशा, तिथे आधी कोणी काय काम केलं (द्वारका-बेटला गोव्याच्या एनआयओने, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने, १९८० च्या दशकापासून भरपूर केलंय, पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांच्यापासून, ते न वाचता अर्ज करणं म्हणजे हसं करून घेणं), बजेट आणि पैसे कुठून येणार, आणि रिपोर्ट कधी देणार. हे सगळं कुठलाही चांगला क्लार्क जमवून देतो. अर्ज अडकतो तो पुढच्या एका कागदावर, नोंदणीची योजना, म्हणजे खाली मापं कशी घेणार आणि कशी नोंदवणार.

आमचा त्या योजनेचा पहिला मसुदा संस्थेतल्या आतल्या तपासणीतच परत आला. मी दोन पानं सॉफ्टवेअरचं कौतुक लिहिलं होतं, अमुक फोटोग्रामेट्री (फोटोंवरून थ्रीडी मॉडेल), तमुक जीआयएस. समासात पेन्सिलने एकच ओळ होती, "माप चुकलं तर तुम्हाला कसं कळणार?" राग आला, मग कळलं की प्रश्न बरोबर आहे.

पाण्याखाली जीपीएस चालत नाही, रेडिओ लहरी पाण्यात शिरतच नाहीत म्हणा ना. वर बोयावर, म्हणजे तरंगत्या खुणेवर, जीपीएस लावून जागा ढोबळ पकडता येते, पण खाली दोन दगडांमधलं अंतर टेपनेच. त्यासाठी जी पद्धत चालते ती इंग्लंडात मेरी रोझ नावाच्या जहाजावर बसवली गेली, १५४५ ला पोर्ट्समथजवळ बुडालेलं, १९८२ ला वर काढलं. जागेभोवती निदान चार पक्के खुंट मारायचे, चारांमधली सहाच्या सहा अंतरं मोजायची, प्रत्येकाची खोली घ्यायची, मग प्रत्येक वस्तूपर्यंत चारही खुंटांपासून टेप आणि वस्तूची खोली. जागा ठरवायला खरं तर चारही टेपांची गरज नसते, जादाची टेप आणि खोली ही चूक पकडायला असते. निक रूल यांनी मेरी रोझसाठी हे गणित सोडवणारा प्रोग्रॅम लिहिला होता, नंतर साइट रेकॉर्डरसारखी सॉफ्टवेअर आली, ती सगळी मापं एकदम घेऊन कुठलं माप बाकीच्यांशी भांडतंय ते दाखवतात आणि त्याच नकाशावर वस्तू, फोटो, डाइव्हच्या नोंदी टांगून ठेवतात.

आम्ही याची तालीम स्विमिंग पूलमध्ये केली. तळाला वाळू भरलेल्या चार बादल्या खुंट म्हणून, मध्ये भाचीच्या आजीचा फुटका खलबत्ता. (आपल्या विश्वामित्री नदीत तालीम करू का असं एकाने विचारलं, त्याला म्हटलं मगरींची परवानगी तू आण.) एक जण टेपचं शून्य धरतो, दुसरा वाचून प्लॅस्टिकच्या पाटीवर पेन्सिलने लिहितो, हातवाऱ्यांवर सगळं चालतं. संध्याकाळी आकडे टाकले तर बाकी सगळी मापं दोन-तीन सेंटीमीटरच्या आत बसली आणि तिसऱ्या बादलीपासूनचं एक माप १८ सेंटीमीटरने बाहेर. पाटी बघितली, ६.४२ च्या जागी ६.२४ लिहिलेलं. जादाचं माप नसतं तर खलबत्ता गुपचूप चुकीच्या जागी बसला असता आणि स्क्रीनवर नकाशा तितकाच सुंदर दिसला असता. नवीन मसुद्यात सॉफ्टवेअरचं कौतुक काढलं, हा पूलचा तक्ता तसाच्या तसा चुकीच्या आकड्यासकट लावला, आणि तो मसुदा पुढे गेला.

फोटोग्रामेट्री करा, जरूर करा, पण तिच्या आत मापपट्ट्या ठेवा आणि खुंट फोटोत येऊ द्या, नाहीतर मॉडेल छान आणि स्केल बिनभरवशाचं. जागा न नोंदता वस्तू वर आणली की काय होतं ते आपल्या शेजारीच झालंय. २००१-०२ मध्ये खंभातच्या आखातात सोनारवर (आवाजाच्या लहरींनी तळ दाखवणारं यंत्र) चौकोनी आकार दिसले, तळ खरवडून, म्हणजे ड्रेज करून, वस्तू काढल्या, लाकडाच्या एका तुकड्याचं वय साधारण साडेनऊ हजार वर्षं आलं आणि बुडालेल्या शहराच्या बातम्या झाल्या. पण भरतीच्या त्या ओढीत ते लाकूड मुळात कुठल्या थरातलं, तिथलंच की वाहत आलेलं, हे सांगता येईना, आणि अभ्यासकांचं मुख्य आक्षेपाचं कारण तेच राहिलं.

आता डेटाचं, कारण हे कोणी सांगत नाही. २०२१ च्या जिओस्पेशियल गाइडलाइन्सनंतर भारतीय माणसाला नकाशा करायला आधीसारखी परवानगी लागत नाही, पण आडव्या मापात १ मीटर आणि उभ्या मापात ३ मीटरपेक्षा बारीक डेटा भारतातल्याच सर्व्हरवर ठेवायचा आणि प्रोसेस करायचा असा नियम आहे. तुमचं काम सेंटीमीटरचं. म्हणजे फोटो परदेशी क्लाउडवर चढवून मॉडेल करून घ्यायची सवय असेल तर सोडा, लॅपटॉप रात्रभर तापू दे, आणि योजनेत डेटा कुठे राहील ते एका ओळीत लिहून टाका.

बाकीच्या एनओसी जागेप्रमाणे. कच्छच्या आखातात मरीन नॅशनल पार्कच्या हद्दीत असाल तर वनखातं, बंदराच्या पाण्यात मेरीटाइम बोर्ड, बोट कुठे उभी राहणार ते कोस्ट गार्डला आणि लोकल पोलिसांना आधी कळवणं. समुद्र नको, एखादी पाण्याने भरलेली वाव (पायऱ्यांची विहीर) करायचीय, तर ती राज्य-संरक्षित आहे का ते गांधीनगरच्या पुरातत्त्व संचालनालयात विचारा, खाजगी असेल तर मालकाचं लेखी संमतीपत्र.

आणि परवानगी नसताना, मजेच्या डाइव्हला काही दिसलं तर? उचलू नका. फोटो, वेळ, खोली, बोटीवरचा जीपीएस पॉइंट एवढं लिहा आणि कलेक्टर कचेरीत आणि एएसआयच्या त्या भागाच्या सर्कल ऑफिसला (द्वारकेकडे असाल तर राजकोट सर्कल) लेखी कळवा, पोच घ्या. बुडालेल्या जहाजाचं सामान असेल तर त्यासाठी रिसीव्हर ऑफ रेक हा वेगळा अधिकारी असतो, त्यालाही.

तारखांचा हिशोब उलटा लावा. डिसेंबर-जानेवारीत पाण्यात उतरायचं, पावसाळ्यात तिकडे समुद्र उतरू देत नाही. ३ महिने आधी अर्ज म्हणजे सप्टेंबर, त्याच्या आधी संस्थेतल्या सह्या फिरायला एक महिना धरा, म्हणजे फाइल श्रावणातच तयार पाहिजे, कारण एकदा गणपती बसले की सहीवाला माणूस जागेवर सापडत नाही आणि उठले की लगेच नवरात्र. आमची सही अजून एक बाकी आहे.