यकृत प्रत्यारोपणानंतरची फिट आणि टॅक्रोलिमसचा वाद

माणसात यकृत प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न 1963 साली झाला आणि रुग्ण वर्षभर जगल्याचं यश 1967 मधलं. मेंदूच्या तक्रारींकडे नीट लक्ष गेलं ते पुढे, सायक्लोस्पोरिन आणि 1989 पासून टॅक्रोलिमस ही शरीराने नवं यकृत नाकारू नये म्हणून दिली जाणारी औषधं वापरात आल्यावर. यकृत टिकू लागलं, पण हात थरथरणं, झोप उडणं, भ्रम, फिट यांना बऱ्याचदा हीच औषधं कारण ठरू लागली. मेंदूच्या मागच्या भागात सूज दिसणाऱ्या आजाराचं, म्हणजे ‘प्रेस’चं, वर्णन 1996 मध्ये आलं.

मेंदूच्या त्रासात रक्तातल्या सोडियमचा धडा वेगळा. ऑपरेशनआधी ते लिटरमागे 125 मिलिमोलच्या खाली असेल तर सलाइन, सोडाबायकार्ब आणि प्लाझ्मामुळे काही तासांत झपाट्याने चढतं. म्हणून 24 तासांत 8 मिलिमोलपेक्षा जास्त वाढू द्यायचं नाही. नाहीतर मेंदूच्या खोडातल्या नसांचं आवरण झडतं आणि त्याची लक्षणं काही दिवसांनी उमटतात.

खरा वाद आहे तो फिट आल्यावर टॅक्रोलिमसचं काय करायचं याचा. डोस कमी करावा, की सायक्लोस्पोरिनवर जावं? बदलाच्या बाजूचे सांगतात, औषधाची रक्तातली पातळी, म्हणजे लेव्हल, नॉर्मल असतानाही मेंदूला त्रास होतो, मग नुसता डोस कापून काय साधणार? विरोधक म्हणतात, दोन्ही औषधं एकाच गटातली, आणि अदलाबदलीत रिजेक्शनचा, म्हणजे शरीराने यकृत नाकारण्याचा, धोका. दोन्ही एकत्र चालत नाहीत. टॅक्रोलिमस थांबवून साधारण 24 तासांनी सायक्लोस्पोरिन सुरू करतात, मधली वेळ स्टेरॉइड आणि मायकोफेनोलेट या रिजेक्शन रोखणाऱ्या इतर औषधांवर निभावतात. एव्हरोलिमस या वेगळ्या गटातल्या औषधाचा पर्याय पहिल्या महिन्यात टाळतात, कारण यकृताच्या धमनीत गुठळी होण्याची भीती असते. आमच्या मते घाईने औषध बदलण्याआधी मॅग्नेशियम, सोडियम, रक्तदाब आणि नव्याने सुरू झालेली औषधं तपासायलाच हवीत. मॅग्नेशियम कमी असेल तर फिटला वाट मोकळी होते, आणि ते भरून काढणं सोपं आहे.

नाशिकमध्ये हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. मुंबई-पुण्यात ऑपरेशन करून घरी परतलेल्या रुग्णाला रात्री फिट आली की जवळच्या दवाखान्यात सवयीने फेनिटोइन हे फिटचं औषध दिलं जातं. त्याने पुढच्या काही दिवसांत टॅक्रोलिमसची लेव्हल घसरते आणि यकृत धोक्यात येतं. क्षयासाठीचं रिफाम्पिसिनही तेच करतं. फिटसाठी लेव्हेटिरासिटाम बरं, डोस मात्र किडनी बघून. उलट बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लेव्हल चढवतात. बुरशीवरचंच व्होरिकोनॅझोल सुरू करताना टॅक्रोलिमसचा डोस एक-तृतीयांशावर आणावा लागतो. पपनस आणि ग्रेपफ्रूट वर्ज्य. ग्रेपफ्रूट हे द्राक्ष नव्हे, निफाड-दिंडोरीच्या द्राक्षांना ही बंदी लागू नाही.

लेव्हलचं रक्त रात्रीच्या डोसनंतर 12 तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी, जांभळ्या झाकणाच्या नळीत द्यायचं. औषध लाल पेशींत साठतं, म्हणून सीरम, म्हणजे पेशी काढून उरलेला रक्ताचा पातळ भाग, चालत नाही. लांबच्या तालुक्यातून येणारे घरूनच गोळी घेऊन निघतात. मग आकडा खोटा चढलेला दिसतो आणि डोस विनाकारण कापला जातो. गोळी सोबत आणावी, रक्त दिल्यावर लॅबमध्येच घ्यावी.