श्वानांचा मोटारप्रवासातील त्रास

मोटारीतून नेताना कुत्र्याला होणारी मळमळ, उलटी, लाळ गळणे, धाप, थरथर आणि विव्हळणे ही या त्रासाची प्रमुख लक्षणे होत. त्यामागे दोन भिन्न कारणे असतात. आतील कानातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला जाणवणारी हालचाल व डोळ्यांना दिसणारे दृश्य यांचा मेळ न बसल्याने कुत्र्यालाही माणसाप्रमाणे गाडी लागते. दुसरे कारण म्हणजे गाडीची भीती, आणि ती पुष्कळदा पहिल्या कारणातूनच उपजते. पिल्लांमध्ये हे इंद्रिय अपरिपक्व असल्याने त्यांना गाडी अधिक लागते. वाढत्या वयाबरोबर अनेकांची मळमळ थांबते, परंतु तोवर मनात बसलेली धास्ती आपोआप जात नाही.

उपचारापूर्वी हा भेद ओळखणे सर्वांत महत्त्वाचे होय, आणि नेमके तेच बहुधा राहून जाते. ओठ चाटणे व वारंवार जांभया देणे ही मळमळीची, तशीच अस्वस्थतेचीही चिन्हे आहेत. जांभई पाहून कुत्र्याला झोप आली असे समजणे चूक ठरते. इंजिन सुरू होण्यापूर्वी, केवळ दार उघडताच लाळ गळू लागली, तर तो भीतीचा पुरावा मानावा. रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांनी कुत्र्यांच्या लाळेवरूनच अभ्यासलेले हे साहचर्य, म्हणजे एका गोष्टीची दुसरीशी मनात बसलेली सांगड, आहे. ज्या कुत्र्याला केवळ इंजेक्शनासाठी गाडीत बसवले जाते, त्याच्या लेखी गाडी म्हणजेच सुई.

कोल्हापूरहून कोकणात उतरणाऱ्या वाटा वळणावळणाच्या आहेत. गगनबावड्यापुढील करूळ व भुईबावडा घाट किंवा रत्नागिरी मार्गावरील आंबा घाट नवख्या कुत्र्याच्या पहिल्या प्रवासासाठी सर्वथा अयोग्य होत. प्रथम दारात उभ्या असलेल्या, इंजिन बंद ठेवलेल्या गाडीत खाऊ द्यावा, तेथे कुत्रे निवांत बसू लागल्यावर नुसते इंजिन सुरू करावे, मग गल्लीच्या टोकापर्यंत, पुढे रंकाळा तलावापर्यंत न्यावे आणि तेथे फिरवून आणावे; पन्हाळ्याची चढण त्यानंतरची. एखाद्या टप्प्यावर लक्षणे दिसल्यास मागील टप्प्यावर परतावे. सक्तीने कोंबून ‘सवय लावण्याने’ भीती वाढण्याचाच संभव अधिक असतो.

निघण्यापूर्वी काही तास जेवण देऊ नये, पाणी मात्र तोडू नये. पिंजरा किंवा छातीपट्टा पक्का बांधल्यास वळणावर कुत्र्याचा तोल जात नाही. खिडकीतून डोके बाहेर काढू देणे धोक्याचे आहे.

मळमळीवर मॅरोपिटंट हे औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने प्रवासापूर्वी देतात. ते मेंदूतील उलटीच्या केंद्रावर कार्य करते. तो भीतीवरील उपचार नव्हे. उलटी थांबूनही थरथर राहिली, तर भीतीसाठी वेगळा उपचार लागतो. पूर्वी सर्रास वापरले जाणारे ॲसिप्रोमॅझिन शरीर सुस्त करते, मात्र कुत्रे आतून भ्यालेलेच राहू शकते. माणसांची प्रवासाची गोळी अंदाजाने देऊ नये.

धापा टाकणाऱ्या कुत्र्याला उष्णतेचा त्रास तर होत नाही ना, हेही पाहावे लागते. कुत्रे मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करते; पग यांसारख्या आखूड नाकाच्या जातींना ते विशेष जड जाते. उन्हात उभी केलेली बंद गाडी काही मिनिटांतच जीवघेणी तापते, काच थोडी खाली ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही.