घेर खाली सोडायचा की आडवा ठेवायचा? रोमँटिक टुटू आणि क्लासिकल टुटू

मागच्या डिसेंबरात भाचीच्या शाळेच्या गॅदरिंगसाठी बॅलेचा पांढरा ड्रेस शिवायचा होता. टेलरमास्तरांनी नेटचा तागा पुढ्यात उलगडला आणि विचारलं, "ताई, घेर खाली सोडायचा की आडवा ठेवायचा? आडवा हवा असेल तर हार्ड नेट लागेल, आतून कॅनकॅन." मास्तरांनी बॅले कधी बघितलेला नाही. पण त्यांचा प्रश्न अगदी मुळावर बोट ठेवणारा होता, कारण 'टुटू' या एका नावाखाली दोन निरनिराळे पोशाख आहेत. एक रोमँटिक टुटू, दुसरा क्लासिकल टुटू. दोन्ही बहुतेक वेळा पांढरे, दोन्ही जाळीचे, दोन्हींच्या वर अंगाला चिकटलेली चोळी. मीही कितीतरी वर्षं त्यांना एकच समजत होते.

ओळखायची खूण सोपी आहे. गुडघा दिसतो का ते बघा. रोमँटिक टुटूचा घेर कमरेपासून खाली पडतो आणि पोटरीच्या मध्यावर थांबतो, कधी त्याहूनही खाली. क्लासिकल टुटू कमरेखाली ताटासारखा आडवा पसरतो, पाय मांडीपासून अंगठ्यापर्यंत मोकळे. 'जिझेल'च्या दुसऱ्या अंकात लग्नाआधीच मेलेल्या मुलींची भुतं नाचतात, ती रोमँटिक टुटूमध्ये. 'स्वान लेक'मध्ये शापाने हंस झालेल्या मुली नाचतात, त्या क्लासिकलमध्ये. रात्र, चांदणं, रांगेने उभ्या पांढऱ्या मुली हे दोन्हीकडे सारखंच, म्हणून गल्लत होते.

दोघांत वयाने मोठा रोमँटिक. १२ मार्च १८३२ला पॅरिस ऑपेरात मारी तालिओनी 'ला सिल्फिद'मधली वनपरी होऊन आली. नृत्य बसवलं होतं तिच्या वडिलांनी, फिलिप्पो तालिओनींनी. पोशाखाचं श्रेय चित्रकार यूजीन लामीला दिलं जातं. हा पोशाख आकाशातून पडल्यासारखा सांगितला जातो, पण त्या काळातल्या पॅरिसच्या बायकांचे संध्याकाळचे झगे बघा. उघडे खांदे, आवळलेली कंबर, घंटेसारखा फुगलेला घेर. हाच साचा रंगमंचावर आला. फक्त रंग गेला, फिती आणि झालरी गेल्या, जड रेशमाच्या जागी मलमल आणि टार्लटनसारखं विरळ विणीचं सुती कापड आलं, आणि चवड्यावर उभी राहणारी पावलं दिसावीत म्हणून काठ वर गेला. प्रेक्षागृहात बायका जे घालून बसल्या होत्या, त्याचंच जणू भूत समोर तरंगत होतं. माझ्या मते त्या रात्रीच्या जादूचं निम्मं कारण हेच आहे.

पाय दाखवण्याची सुरुवात त्याच्याही शंभर वर्षं आधीची. १७३०च्या आसपास मारी कामार्गोने आपल्या उड्यांमधलं पावलांचं काम दिसावं म्हणून घागरा घोट्याच्या वर घेतला होता. पण तिचा पोशाख दरबारीच राहिला. १८३२ मध्ये कापडच बदललं, आणि त्यामागे यंत्र होतं. इंग्लंडमध्ये जॉन हीथकोटने १८०९ मध्ये जाळी विणण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं, त्यामुळे हाताने विणावी लागणारी महागडी जाळी वारभर मिळू लागली. पॅरिस ऑपेरात १८२२ पासून गॅसचे दिवे होते. त्या उजेडात पांढरं विरळ कापड चमकत नाही, धुक्यासारखं दिसतं. रोमँटिक टुटूची सगळी गंमत या मऊपणात आहे. नाचणारी थांबली तरी घेर क्षणभर चालत राहतो, मग बसतो. उडी मारून ती खाली आली की कापड तिच्यामागून उतरतं, आणि आपल्याला वाटतं की ती हळूच उतरली.

याच कापडाने आणि याच दिव्यांनी बळीही घेतले. एमा लिव्ही ही तालिओनीची लाडकी शिष्या. तिच्यासाठी तालिओनीने १८६० मध्ये 'ल पापियाँ' हा बॅले बसवला, ज्यात फुलपाखरू झालेली नायिका मशालीकडे ओढली जाते आणि तिचे पंख जळतात. त्या वेळी कापड तुरटीसारख्या क्षारांच्या पाण्यात बुडवून आगीपासून वाचवायची पद्धत निघाली होती. पण त्याने जाळी ताठ व्हायची, मळकट दिसायची. एमाने आपण साध्याच स्कर्टमध्ये नाचू, जबाबदारी आपली, असं लेखी कळवलं. १५ नोव्हेंबर १८६२ला तालमीच्या वेळी बसताना चुरगळू नये म्हणून तिने घेर वर उचलला आणि तो गॅसच्या ज्योतीला लागला. आठ महिन्यांनी, जुलै १८६३ मध्ये ती गेली. वय वर्षं वीस. तिच्या पोशाखाचे जळके तुकडे पॅरिस ऑपेराच्या संग्रहालयात अजून जपून ठेवले आहेत. घेराच्या त्या मऊपणासाठी एका मुलीने काय पणाला लावलं होतं, हे मला दरवेळी आठवतं.

क्लासिकल टुटूकडे वळताना फॅशन बाजूला ठेवावी लागते. त्याला जन्म दिला पायांनी. १८८०च्या पुढे इटालियन नर्तकी सेंट पीटर्सबर्गला येऊ लागल्या. त्यांचे बूट पुढे जास्त ताठ, गिरक्या भक्कम, आणि तंत्र असं की गुडघा कुठे आहे हे दिसलंच पाहिजे. १८८५ मध्ये विर्जीनिया झुक्की तिथे नाचली, ती नियमापेक्षा आखूड स्कर्टचा आग्रह धरून. पिएरिना लेन्यानीने १८९३ मध्ये 'सिंड्रेला'त आणि १८९५ मध्ये 'स्वान लेक'मध्ये एका पायावर सलग ३२ फ्वेते घेतले. फ्वेते म्हणजे दुसरा पाय चाबकासारखा बाजूला फेकत घेतलेली गिरकी. पोटरीपर्यंतचा मऊ घेर असता तर तिसऱ्या-चौथ्या गिरकीलाच तो पायात गुंडाळला असता.

तरी १८९५ मधला टुटू ताटासारखा नव्हता बरं का. लेन्यानीच्या फोटोंमध्ये स्कर्ट गुडघ्याच्या आसपास, घंटेसारखा कलता आहे. एडगर देगाच्या चित्रांतही हाच मधला प्रकार दिसतो, आणि १८८१ मध्ये त्याने मांडलेल्या छोट्या नर्तकीच्या मेणाच्या पुतळ्याला तर त्याने खऱ्या कापडाचा स्कर्ट घातला होता. 'टुटू' हा शब्दही त्याच दशकातला. बुडासाठी फ्रेंच पोरं वापरतात त्या बोबड्या शब्दावरून तो आला असं मानतात. म्हणजे 'ला सिल्फिद'च्या रात्री त्या पोशाखाला कुणी टुटू म्हणत नव्हतं. पूर्ण आडवं ताट विसाव्या शतकातलं.

ते ताट शिवतात कसं, हे मला सगळ्यात आवडतं. चोळीच्या खाली कमरेपासून कुल्ह्यापर्यंत एक घट्ट पट्टा असतो आणि त्याला जोडलेली चड्डी. जाळीचे थर या चड्डीवर आणि पट्ट्यावर शिवत जातात. सगळ्यात खालचा थर बोटभर रुंद आणि ताठ, वरचा प्रत्येक थर त्याहून थोडा मोठा, असे दहा-बारा किंवा त्याहून जास्त थर. मधल्या एका थरात पोलादी कडी ओवतात. मग सगळे थर एकमेकांना लांब, सैल, कच्च्या टाक्यांनी धरतात. टाके जरा आवळले की ताट चपटं, सैल सोडले की फुगीर. हा टुटू हँगरला सरळ टांगत नाहीत, उलटा टांगतात किंवा आडवा ठेवतात, नाहीतर घेर स्वतःच्या वजनाने ओघळतो. रोमँटिक टुटू मात्र साध्या परकरासारखा लटकतो. क्लासिकलमध्ये जोडीदार पुरुषाची खरी कसोटी लागते, कारण मध्ये हे ताट असल्यामुळे त्याला तिची पावलं दिसत नाहीत. तोल गेलाय का, हे त्याला तिच्या कमरेवरच्या हातांनीच समजून घ्यावं लागतं.

खारकिवमध्ये जन्मलेल्या आणि पुढे न्यूयॉर्कला स्थायिक झालेल्या बार्बरा कारिन्स्काने ही कडीच काढून टाकली. १९५० मध्ये नृत्यरचनाकार जॉर्ज बालांशिनच्या 'सिंफनी इन सी' या बॅलेसाठी शिवताना अडचण अशी होती की शेवटी रंगमंच नर्तकींनी भरून जातो आणि कड्या एकमेकींवर आपटून ताटं कलंडतात. तिने आखूड, मऊ, सैल धरलेले थर लावले, ते पावडरच्या पफसारखे दिसतात. चोळीच्या बाजूच्या कळ्या ती उरेब कापायची, म्हणजे श्वास घेताना कापड ताणलं जातं. आपल्याकडे ब्लाऊज शिवणाऱ्या कुणालाही हे लगेच कळेल.

आता फॅशनचं. फेब्रुवारी १९४७ मध्ये पॅरिसचा फॅशन डिझायनर क्रिस्तियाँ दिऑरने युद्धाच्या काटकसरीनंतर आवळलेली कंबर आणि पोटरीपर्यंतचा भरघोस घेर परत आणला. तो साचा तालिओनीच्या ओळखीचा आहे. त्याच वर्षी दिऑरने रोलाँ पेतीच्या बॅलेचे पोशाखही केले, आणि इंग्लिश बॅले नर्तकी मार्गो फाँतेन रंगमंचाबाहेर दिऑरचे कपडे घालायची. १९५०च्या दशकातले जाळीचे पार्टी गाऊन, आजचे रिसेप्शनचे गाऊन, सगळे या घराण्यातले. फॅशनने रंगमंचाला दिलेला घेर शंभर वर्षांनी परत घेतला. क्लासिकल टुटू मात्र रॅम्पवर अधूनमधून दिसतो, पण कपाटात येत नाही. तो घालून खुर्चीत बसता येत नाही, दारातून तिरकं जावं लागतं. म्हणून दुकानात 'टुटू फ्रॉक' म्हणून जे मिळतं ते नावाने क्लासिकलसारखं आणि पडायला रोमँटिकसारखं असतं. मास्तरांच्या कॅनकॅनची वंशावळही पॅरिसचीच, त्या नावाच्या नाचातल्या झालरींच्या परकरांवरून आलेली.

दोन्ही शेजारी शेजारी बघायचे असतील तर बालांशिनचा १९६७चा 'ज्युअल्स' बघा. पोशाख कारिन्स्काचेच. पहिल्या भागात 'पाचू', संगीत फ्रेंच, घेर लांब आणि मऊ. शेवटच्या भागात 'हिरे', संगीत चायकोव्हस्कीचं, टुटू आखूड आणि आडवे. मधल्या 'माणकां'ना दोन्ही लागू नाही, तिथे लहान स्कर्ट आहेत.

भाचीचा नाच दोन मिनिटांचा होता, आणि आधी स्टेजमागे सतरंजीवर तासभर बसून राहायचं होतं. मास्तरांना सांगितलं, घेर खाली सोडा. त्यांनी सॉफ्ट नेटचे पाच थर लावले, कॅनकॅन नाही. ट्रायलला तिने दुकानातच एक गिरकी घेतली आणि थांबली. घेर तिच्यानंतर थांबला.