रोबोटिक प्रोस्टेट शस्त्रक्रिया

प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या ओटीपोटातली एक ग्रंथी; तिचा कॅन्सर ग्रंथीच्या बाहेर पसरला नसेल तर ती ग्रंथी रोबोटच्या मदतीने पूर्ण काढून टाकतात, त्या ऑपरेशनला हे नाव आहे. रोबोट म्हटलं की लोकांना वाटतं मशीन ऑपरेशन करतं आणि डॉक्टर बाजूला चहा पीत बसतात, तसं काही नाहीये. मशीन स्वतःहून एक टाकाही घालत नाही. सर्जन त्याच खोलीत पेशंटपासून थोडा लांब कन्सोलमध्ये, म्हणजे रोबोट चालवायच्या यंत्रात, डोकं घालून बसलेला असतो आणि त्याची बोटं हलतील तशी पोटातली हत्यारं हलतात.

प्रोस्टेटची जागाच अवघड. मूत्राशयाच्या खाली, ओटीपोटाच्या हाडामागे लपलेली, साधारण अक्रोडाएवढी, मधून लघवीची नळी जाते, दोन्ही बाजूंना लिंगाच्या ताठरतेच्या नसा अगदी चिकटून आणि खालच्या टोकाला लघवी रोखून धरणारा स्नायू. ग्रंथी काढली की मधे फट पडते, मग मूत्राशयाचं तोंड खाली ओढून लघवीच्या नळीच्या कापलेल्या टोकाला गोल टाक्यांनी जोडायचं, आणि खरी परीक्षा इथेच असते. पोट उघडून करताना ही जागा खोल आणि अरुंद, त्यात रक्त साचतं. साध्या दुर्बिणीच्या ऑपरेशनात दिसतं छान, पण हत्यारं काठीसारखी सरळ, आणि पोटाच्या भोकावर टेकलेली असल्यामुळे हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जातं, अशाने गोल टाके घालणं म्हणजे शिकायला वर्षं जातात. रोबोटच्या हत्याराला टोकाशी मनगट असतं, सुई हवी तशी वळते, हाताची थरथर मशीन गाळून टाकतं, आणि चित्र थ्रीडी, दहापट मोठं. बाकी जाहिराती काहीही म्हणोत, मुख्य फायदा हा टाक्यांचा.

1980 च्या दशकाच्या शेवटी लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमध्ये प्रोबॉट नावाचं यंत्र प्रोस्टेटसाठीच बनवलं होतं, ते मात्र फार पुढे गेलं नाही. दा विंची या अमेरिकन रोबोटने प्रोस्टेट काढण्याचं पहिलं ऑपरेशन मे 2000 मध्ये फ्रँकफर्टला झालं. पण याची पद्धत बसवली ती डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलमध्ये सर्जन मणी मेनन यांनी, 2001 पासून, आणि तिथून ती जगभर गेली. भारतात दिल्लीच्या एम्समध्ये 2006 ला सुरुवात झाली. व्हर्सियस हा ब्रिटिश रोबोट माणसावर पहिल्यांदा वापरला गेला तो पुण्यात, 2019 ला, अर्थात ती ऑपरेशनं लघवीच्या मार्गाची नव्हती. आता गुरुग्रामचा एसएसआय मंत्रा हा देशी रोबोटही आहे.

ऑपरेशनच्या वेळी टेबल असं तिरकं करतात की डोकं खाली आणि पाय वर, म्हणजे आतडी छातीकडे सरकून जागा मोकळी होते, त्यात पोटात कार्बन डायऑक्साइड भरलेला, त्याच्या दाबाने रक्तही कमी जातं. पाच-सहा छोटी भोकं. पेशंटजवळ असिस्टंट उभा असतो तो सक्शन, म्हणजे रक्त ओढून घेणारी नळी, धरतो, क्लिप लावतो, सुई आत देतो, त्याचं नाव कुणी घेत नाही पण तो ढिला असला तर कन्सोलवरचा कितीही मोठा सर्जन अडकतो. ग्रंथी पिशवीत घालून बेंबीजवळचं भोक जरा वाढवून बाहेर काढतात. कॅथेटर, म्हणजे लघवी बाहेर काढायला मूत्राशयात घातलेली नळी, साधारण आठवडा-दहा दिवस राहतो.

उणिवाही आहेत. बऱ्याच मशीनमध्ये हाताला स्पर्श कळत नाही, दोरा किती ताणलाय हे डोळ्यांनीच ओळखायचं, नवख्याच्या हातून तो तुटतोही. हत्यारांचे वापर मोजून दिलेले असतात, तेवढे झाले की मशीन ते हत्यार स्वीकारतच नाही, मग खर्च वाढणारच. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला उघडं आणि रोबोटिक ऑपरेशन यांची थेट तुलना झाली, 2016 ला निकाल आला: रोबोटने रक्त कमी गेलं, पण 12 आठवड्यांनी लघवीवरचा ताबा आणि ताठरता यांत विशेष फरक नव्हता. तिथे प्रत्येक गटाला एकच सर्जन होता, त्यामुळे वाद मिटला असंही नाही.

हाच रोबोट किडनीतली फक्त गाठ काढायलाही वापरतात, तिथे रक्तवाहिनी चिमट्याने दाबून बंद करून साधारण अर्ध्या तासाच्या आत गाठ कापून किडनी शिवायची असते, घड्याळ चालू असतं. साध्या मुतखड्याला मात्र रोबोट लागत नाही, लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून लेझरने खडा फोडतात, तिथे शिवायचं काही नसतंच.