गॅस डिटेक्टरची जागानिश्चिती

गळणारा ज्वलनशील किंवा विषारी वायू माणसांपर्यंत पोहोचण्याआधी कळावा यासाठी संवेदक (कामगारांच्या भाषेत ‘सेन्सर’) नेमका कुठे आणि किती उंचीवर बसवायचा, हे ठरवण्याचे काम. बेळगाव सीमाभागात हा प्रश्न उद्यमबाग-मच्छे परिसरातील फाउंड्र्या (धातू वितळवून साच्यात ओतणारे कारखाने), चिक्कोडी, हुक्केरी, रायबाग, अथणी या उसाच्या पट्ट्यातील साखर कारखाने व डिस्टिलऱ्या, अमोनियावर चालणारी शीतगृहे आणि पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांतील क्लोरीनच्या खोल्या अशा ठिकाणी येतो.

हवेचा सरासरी रेणुभार सुमारे 29 आहे. त्याच्याशी तुलना केली की वायू वर जाणार की खाली बसणार याचा पहिला अंदाज बांधता येतो. मिथेन 16 आणि अमोनिया 17, म्हणून वर. एलपीजीतील प्रोपेन 44 व ब्युटेन 58, मद्यार्काची वाफ 46 आणि क्लोरीन 71, म्हणून खाली. एलपीजीचा सेन्सर जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर आणि मिथेनचा छताशी, हा नियम कुठलाही विक्रेता तोंडपाठ सांगेल. नियम खरा आहे, पण सगळी भिस्त त्यावर ठेवली की घोटाळा होतो. जडपणा-हलकेपणा दिसतो तो गळतीच्या तोंडाशी, वायू दाट असताना. हवेत 10 पीपीएम हायड्रोजन सल्फाइड म्हणजे दहा लाख भागांत फक्त 10 भाग, उरलेली हवाच. असे मिश्रण वारा नेईल तिकडे जाते. म्हणून विषारी वायूचा एक सेन्सर गळतीच्या संभाव्य जागेपाशी आणि दुसरा माणसांच्या नाकाच्या उंचीला, साधारण दीड मीटरवर लावतात. ज्वलनशील वायूचा विचार वेगळा असतो. तिथे स्फोटाच्या किमान मर्यादेच्या (हवेत वायूचे ज्या प्रमाणापासून पुढे मिश्रण पेट घेऊ शकते, त्या प्रमाणाच्या) पुष्कळ आधी, बहुधा तिच्या 20 टक्क्यांवर, पहिली घंटा वाजावी लागते. प्रोपेनची ही मर्यादा सुमारे 2.1 टक्के आहे, मद्यार्काच्या वाफेची 3.3 टक्के.

फाउंड्रीत मुख्य शत्रू कार्बन मोनॉक्साइड. त्याचा रेणुभार 28, म्हणजे हवेइतकाच, आणि त्याला वासही नाही. क्युपोला (कोक जाळून लोखंड वितळवणारी उभी भट्टी) असेल तर कोक टाकणारा माणूस ज्या चार्जिंग फलाटावर उभा असतो, तिथे सेन्सर हवाच. पण ओतकाम झाल्यावरही साच्यांच्या वाळूतली कोळशाची पूड आणि रेझिन धुमसत राहतात व वायू बराच वेळ निघत राहतो. डिसेंबर-जानेवारीत बेळगावची थंडी चांगलीच झोंबते. रात्रपाळीची माणसे मग निवणाऱ्या साच्यांच्या रांगेला पाठ टेकून डबा उघडतात. आराखड्यात त्या जागेला ‘कूलिंग एरिया’ म्हटलेले असते, तिथे कुणी जेवत असेल हे आराखडा काढणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते. सेन्सर तिथे लागतो, आणि तोही बसलेल्या माणसाच्या नाकाशी, म्हणजे मीटरभर उंचीवर. लॅडल (वितळलेला धातू ओतण्याचे भांडे) तापवायला एलपीजीचे बर्नर असतील तर भट्टीच्या खड्ड्यात आणि केबलच्या चरांत वेगळा सेन्सर लागतो. सोडियम सिलिकेटचे कोअर (ओतीवातली पोकळी घडवणारे वाळूचे गाभे) कार्बन डायऑक्साइडने कडक करणाऱ्या कोअर शॉपमध्येही खोलगट जागा आधी बघाव्यात, कारण हा वायूही हवेपेक्षा जड.

हवेची वाट कागदावर सापडत नाही. खंडेनवमीला यंत्रांपुढे लावलेल्या उदबत्तीचा धूर कुठे वळतो, कुठे घुटमळतो, कुठल्या कोपऱ्यात जाऊन साचतो, हे लक्ष देऊन पाहिले तर फुकटात नकाशा मिळतो. (ज्वलनशील वायूच्या जागी अर्थातच उदबत्ती नको, तिथे न पेटवता धूर सोडणाऱ्या नळ्या वापरतात.) मात्र हा नकाशा अश्विनातला. जूनमध्ये पश्चिमेचा पाऊस आत येऊ लागला की त्या बाजूच्या जाळ्यांवर ताडपत्री चढते, शटर अर्धे खाली येते आणि मार्चमध्ये खेळत्या हवेत लावलेला सेन्सर साचलेल्या कोपऱ्यात जातो, किंवा नेमका उलट प्रकार होतो. एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली तापलेल्या हवेचा थर असतो. थोडासा गळणारा हलका वायू तो थर भेदू शकत नाही आणि छताला टांगलेला सेन्सर त्याला मुकतो. त्यामुळे पाहणी निदान दोन ऋतूंत करावी, एकदा पंखे चालू ठेवून आणि एकदा बंद करून. वीज जाते तेव्हा एक्झॉस्ट पंखा थांबतो, गळती थांबत नाही. म्हणून सेन्सरला बॅटरीचा आधार लागतो.

डिस्टिलरीत मद्यार्काच्या पंपांचे सील, टँकर भरण्याची जागा आणि टाक्यांभोवतीच्या बांधाचा तळ येथे सेन्सर खाली बसवतात. किण्वन टाक्यांच्या खोलीत कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. स्पेंट वॉशपासून (मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्यापासून) बायोगॅस करणाऱ्या संयंत्रात मिथेनसोबत हायड्रोजन सल्फाइड येतो, म्हणून तिथे एका जातीच्या सेन्सरने भागत नाही. गळीत हंगाम संपल्यावर दुरुस्तीसाठी माणसे टाक्यांत उतरतात, तेव्हा भिंतीवरच्या सेन्सरचा उपयोग नाही. हातातल्या मीटरची नळी सोडून वरची, मधली आणि तळाची अशी तीन पातळ्यांची हवा उतरण्याआधी तपासावी लागते.

अमोनिया हलका असला तरी द्रवरूपात फुटला की हवेतली वाफ गोठवत पांढऱ्या धुक्यासारखा जमिनीलगत पसरतो. पावसाळी दमट हवेत हे धुके अधिकच दाट होते. म्हणून कॉम्प्रेसरच्या खोलीत छताजवळ आणि द्रवाच्या रिसीव्हरपाशी (द्रव अमोनिया साठवणाऱ्या टाकीपाशी) खाली, असे दोन्हीकडे सेन्सर लागतात. क्लोरीनचा मात्र सिलिंडरजवळ, जमिनीपासून फूट-दीड फुटावर.

सेन्सरची जात जागेशी जुळावी लागते. साचा सुटावा म्हणून मारलेल्या सिलिकॉनच्या फवाऱ्याने उत्प्रेरकी सेन्सर (तापलेल्या उत्प्रेरकावर वायू जाळून तो ओळखणारा) मरतो. त्याचा दिवा हिरवाच राहतो, वायू मात्र कळत नाही. अशा ठिकाणी अवरक्त सेन्सर (वायू अवरक्त किरण किती शोषतो ते मोजणारा) बरा, पण त्याला हायड्रोजन दिसत नाही. फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या जिथे चार्ज होतात तिथला हायड्रोजन तर मोनॉक्साइडच्या विद्युत-रासायनिक सेन्सरला (रासायनिक क्रियेतून निघणारी वीज मोजणाऱ्या) फसवून खोटी घंटा वाजवू शकतो. दोन-चारदा खोटी घंटा झाली की कोणीतरी हूटरची वायरच काढून ठेवतो.

कारखाने अधिनियम, 1948 च्या दुसऱ्या अनुसूचीत आठ तासांच्या सरासरी मर्यादा दिल्या होत्या: कार्बन मोनॉक्साइड 50 पीपीएम, अमोनिया 25, हायड्रोजन सल्फाइड 10, क्लोरीन 1. सेन्सर कुठे लावायचा हे या आकड्यांवरून ठरत नाही. ते ठरवायला मेंटेनन्सचा फिटर आणि रात्रपाळीचा मुकादम यांना सोबत घेऊन फिरावे लागते, कारण कुठे वास येतो, कुठला व्हॉल्व्ह सारखा गळतो हे त्यांनाच ठाऊक. आणखी एक गोष्ट फिटरला विचारावी: कॅलिब्रेशनला (ठरावीक प्रमाणाचा गॅस सोडून सेन्सरचे माप जुळवायला) तिथे शिडी लागेल का? क्रेनच्या रुळांवर पाच मीटर उंच टांगलेल्या सेन्सरची तपासणी वर्षानुवर्षे फक्त रजिस्टरातच होते. जागा तीच हवी असेल तर चाचणीचा गॅस सोडायची नळी पहिल्याच दिवशी खालपर्यंत आणून ठेवतात.